शायलॉकला चिकटवलेलं नाक

1609 साली लंडनमध्ये विल्यम रोली नावाच्या नट-नाटककाराने पैशाच्या शोधावर एक छोटी पुस्तिका छापली. तिच्यात एक सावकार भेटतो. त्याचं थोबाड कसं होतं, हे सांगायला रोलीने फार शब्द खर्च केले नाहीत. ‘माल्टाच्या ज्यूच्या त्या बनावट नाकासारखं’, एवढ्यावर त्याने भागवलं. वाचकांना ते लगेच कळणार याची त्याला खात्री होती. ज्या नाटकातलं हे नाक, ते ‘द ज्यू ऑफ माल्टा’ तेव्हा जवळपास वीस वर्षांचं जुनं होतं आणि ते लिहिणारा ख्रिस्तोफर मार्लो 1593 मध्येच मारला गेला होता. एडवर्ड ॲलिनसारख्या त्या काळच्या सर्वांत मोठ्या नटाने या ज्यूची, बाराबासची, भूमिका केली होती. मार्लोचं काव्य आणि ॲलिनचा अभिनय यांच्याबरोबर लंडनकरांच्या डोक्यात रंगपटात तयार केलेलं एक खोटं नाकही घर करून राहिलं होतं.

त्या नाकाचा प्रवास अजून संपलेला नाही. शेक्सपियरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’चा प्रयोग ठरला की त्यातल्या ज्यू सावकाराच्या, शायलॉकच्या, रंगभूषेचा प्रश्न येतो, आणि ‘थोडं नाक लावू या का’ ही सूचना कुठून ना कुठून येतेच. माझं मत स्पष्ट आहे. शायलॉकला नाक लावू नये. कुणाच्या भावना दुखावतील एवढ्यापुरतं हे मत नाही. त्या नाकामुळे शेक्सपियरचं नाटकच मोडतं, असं मला वाटतं. मार्लोचं प्रकरण वेगळं आहे, कारण तिथे नाक संहितेतच आहे. त्याचं काय करायचं, याबद्दलही माझं एक म्हणणं आहे.

आधी मार्लो. बाराबास हा माल्टा बेटावरचा धनाढ्य ज्यू व्यापारी. तुर्कांची थकलेली खंडणी भरायची म्हणून गव्हर्नर फर्नीझ बेटावरच्या ज्यूंकडे अर्धी मालमत्ता मागतो. ती द्या नाहीतर ख्रिस्ती व्हा, असा हुकूम निघतो. बाराबास अडून बसतो आणि सगळंच गमावतो. इथवर प्रेक्षकांची सहानुभूती त्याच्याकडे झुकलेली असते. त्याला लुटणारे ख्रिस्ती राज्यकर्ते ढोंगी आहेत, हे मार्लो जराही झाकत नाही. या पहिल्या अंकात नाकाचा विनोद नाही.

नाक येतं ते दुसऱ्या अंकात, बाराबास इथामोर नावाचा गुलाम विकत घेतो तिथे. बाराबास त्याला शिकवतो: कुणाचीही दया करू नकोस, ख्रिस्ती विव्हळले की मनातल्या मनात हस. हे ऐकून इथामोर हरखून म्हणतो, मालक, याबद्दल मी तुमच्या नाकाची पूजा करतो! आणि लगेच बाराबास त्याच्यापुढे आपल्या कर्तबगारीची यादी वाचतो: रात्री भिंतीच्या आडोशाला कण्हत पडलेल्या आजाऱ्यांना मी ठार करतो, अधूनमधून विहिरींत विष कालवतो. विहिरीत विष कालवण्याचा आरोप मार्लोच्या कल्पनेतून आलेला नाही. 1348-49 च्या प्लेगच्या साथीत याच आरोपावरून युरोपात गावंच्या गावं ज्यूंवर तुटून पडली होती आणि माणसं जिवंत जाळली गेली होती. तो आरोप इथे गुन्हेगाराच्या स्वतःच्या तोंडी कबुली म्हणून येतो, तोही नाकाच्या विनोदाला लागूनच.

दुसऱ्यांदा नाक येतं ते बाराबासच्या कपटाने दोन तरुण एकमेकांना मारून मेल्यावर. त्यातल्या एकावर बाराबासच्या मुलीचं, ॲबिगेलचं, प्रेम होतं. तिच्यासमोर इथामोर खो-खो हसत मालकाची तारीफ करतो: शूर, गंभीर, गूढ, धूर्त आणि बाटलीच्या नाकाचा लुच्चा. तिसरी वेळ अख्ख्या मठातल्या जोगिणींना भातातून विष घातल्यानंतरची. त्या बळींत ॲबिगेलही आहे. दोन भिक्षू येताना दिसतात, बाराबास म्हणतो की मला त्यांचा वास आधीच आला होता, आणि इथामोर लगेच त्या नाकाचे आभार मानतो.

या तिन्ही जागा एकापुढे एक ठेवून पाहाव्यात. तिन्ही वेळा नाक हत्येला चिकटून येतं. प्रेक्षक हादरून गप्प होईल त्या क्षणी त्याला हसवलं जातं, आणि हसता हसता त्याला हेही सांगितलं जातं की हा खून कुणा एका माणसाच्या सूडातून किंवा लोभातून झालेला नाही, तो या चेहऱ्याच्या जातीतूनच येतो. पहिल्या अंकात अन्याय झालेला एक माणूस होता. नाकाचे विनोद सुरू झाले की त्या माणसाच्या जागी एक नमुना उभा राहतो. मार्लोची प्रतिभा मी मानतो. म्हणूनच मला वाटतं की हे त्याने अजाणता केलेलं नाही.

या नाकावर हसणारा प्रेक्षक कोण होता, हेही पाहायला हवं. पहिल्या एडवर्डने 1290 साली इंग्लंडमधल्या सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढलं. त्यांना उघडपणे परत राहू देण्याची सुरुवात झाली क्रॉमवेलच्या काळात, 1656 मध्ये. मधली साडेतीनशेहून अधिक वर्षं इंग्लंडात उघड ज्यू वस्ती नव्हती. लंडनमध्ये पोर्तुगालहून आलेली, नावाने ख्रिस्ती असलेली थोडी कुटुंबं होती. रोझ नाट्यगृहाच्या आवारात उभ्या असलेल्या शिकाऊ पोरांनी, खाटकांनी, वकिलांच्या कारकुनांनी जन्मात ज्यू म्हणून ओळखावा असा माणूस पाहिलेला असण्याची शक्यता फार कमी. त्यांच्यासाठी ज्यू म्हणजे रंगमंचावरचं ते नाक. प्रत्यक्ष माणूस समोर नसला की नकलेला खोटं पाडणारं कुणीच उरत नाही.

आणि ही नक्कल नुसत्या करमणुकीपुरती राहिली नाही. राणी एलिझाबेथचे वैद्य रॉड्रिगो लोपेझ हे असेच पोर्तुगालहून आलेले, ज्यू वंशाचे ख्रिस्ती. राणीवर विषप्रयोगाचा कट केल्याच्या आरोपावरून 7 जून 1594 रोजी त्यांना टायबर्नला फाशी देऊन चिरण्यात आलं. वधस्तंभावरून ते म्हणाले की माझं राणीवर येशूवर होतं तितकंच प्रेम होतं, तेव्हा जमाव हसला, असं इतिहासकार विल्यम कॅम्डेनने नोंदवलं आहे. नाट्यव्यवस्थापक फिलिप हेन्स्लोच्या हिशेबवहीत ‘ज्यू ऑफ माल्टा’चे 1592 ते 1596 या काळात 36 खेळ लागलेले दिसतात आणि 1594 च्या त्या उन्हाळ्यात ते वारंवार लागले. फाशीच्या जागी हसलेली माणसं आणि रोझमध्ये हसलेली माणसं एकाच शहरातली होती.

नाकाची ही खूण तरी मार्लोने शोधली का? नाही. ती त्याला आयती मिळाली. इंग्लंडच्या खजिन्याच्या 1233 सालच्या एका दस्तावर कुणा कारकुनाने वरच्या बाजूला चित्र काढून ठेवलं आहे. नॉर्विचचा धनको आयझॅक तीन तोंडांचा आणि मुकुट घातलेला आहे. त्याच्या खाली मोसे मोके आणि अवेगाये या दोघा ज्यूंच्या मधोमध उभा राहून एक सैतान त्यांच्या लांब नाकांना बोटं लावतो आहे. अवेगाये म्हणजेच ॲबिगेल. मार्लोने हे चित्र पाहिलं असण्याचं काही कारण नाही, तरी बाराबासच्या मुलीचं नाव वाचताना मला ते चित्र आठवल्याशिवाय राहत नाही. त्याआधीच्या शतकांतल्या ख्रिस्ती चित्रांत ज्यू दाढीने, टोपीने ओळखू येतात. त्यांच्यावर नाक लादलं गेलं ते साधारण या सुमाराला. पुढे 1911 साली मॉरिस फिशबर्गने न्यूयॉर्कमधल्या हजारो ज्यूंची नाकं प्रत्यक्ष मोजली, तेव्हा बाकदार नाकाचं प्रमाण सुमारे 14 टक्के निघालं. म्हणजे हे नाक चेहऱ्यांवरून चित्रात आलेलं नाही. चित्रातून आणि रंगमंचावरून ते चेहऱ्यांवर चढवलं गेलं.

इथे कुणी म्हणेल, त्या काळच्या नाटकांत नाकावर विनोद कुठे नव्हते? होते, आणि ते फार गमतीचे आहेत. शेक्सपियरच्या बार्डोल्फचं दारूने लालभडक झालेलं नाक घ्या. त्याचा दारूबाज सोबती फॉल्स्टाफ त्याला जहाजाच्या मागच्या टोकाला टांगलेला कंदील म्हणतो. तुझ्या या नाकाच्या उजेडामुळे माझे मशालींचे हजार मार्क वाचले, असंही सुनावतो. ‘पंचम हेन्री’त बार्डोल्फ चर्चमधली वस्तू चोरतो आणि त्याला फाशीची शिक्षा होते. सैन्यातला फ्लुएलन राजाला सांगतो की त्याच्या नाकाचा वध झाला, तिथली आग विझली. कधी काळी याच माणसासोबत दारू प्यायलेला राजा अशा गुन्हेगारांना असंच कापून काढावं म्हणतो आणि पुढे जातो. तीन नाटकं आपण ज्या नाकाला हसलो, त्याची आग विझल्याची बातमी ऐकताना घशाशी काहीतरी अडकतं. बोमाँच्या ‘द नाइट ऑफ द बर्निंग पेसल’मध्ये उपदंशाने झडलेल्या नाकाचा विनोद आहे. ‘टायमन ऑफ ॲथेन्स’मध्ये तेच झडलेलं नाक शाप होऊन येतं. तेव्हाच्या लंडनला नाकाचं वेडच होतं म्हणा ना.

पण बार्डोल्फचं नाक बार्डोल्फचं आहे. त्याने ते दारू पिऊन कमावलं आहे. त्यावरून नाक लाल असलेल्या कुठल्या समाजाबद्दल काही सिद्ध होत नाही. तो मेला की नाकही त्याच्याबरोबर गेलं. बाराबास कढईत पडून मरतो, पण त्याचं नाक उरतं आणि पुढच्या ज्यू पात्राच्या चेहऱ्यावर जाऊन बसतं. एका माणसाचं व्यंग आणि एका जमातीवर मारलेला शिक्का यांत मी फरक करतो तो इथे. रंगमंचावर पहिलं जरूर असावं.

आता शेक्सपियर. ‘मर्चंट’ लिहिताना, म्हणजे 1596-97 च्या आसपास, त्याच्यासमोर मार्लोचं यश होतं. नाकाचे विनोद हमखास टाळ्या घेतात हे त्याला ठाऊक होतं. तरी या नाटकात शायलॉकच्या नाकाबद्दल एक शब्द नाही. लान्सलॉट नावाचा विनोदी नोकर त्याच्याच घरी काम करतो, मालकाची नालस्ती करतो, त्याला सैतान म्हणतो. इथामोरची ही जागा आयती तयार होती. तोही मालकाच्या नाकावर बोलत नाही. तो बोलतो स्वतःच्या नाकाबद्दल, त्यातून एकदा सणाच्या दिवशी रक्त आलं होतं म्हणून.

शायलॉकच्या चेहऱ्यावरची एकच गोष्ट संहितेत ठळक आहे, ती म्हणजे दाढी. तीही कशी येते पाहा. तुम्ही माझ्या दाढीवर थुंकलात, असं तो कर्ज मागायला आलेल्या अँटोनियो या ख्रिस्ती व्यापाऱ्याला सांगतो, आणि अँटोनियो उत्तर देतो की पुन्हा थुंकेन. मार्लोच्या नाटकात चेहरा त्या माणसाचा स्वभाव सांगतो. शेक्सपियरच्या नाटकात चेहरा सांगतो तो त्या माणसाशी इतरांनी काय केलं ते. माझ्या मते दोन नाटकांतला सर्वांत मोठा फरक हाच आहे, आणि रंगभूषाकाराच्या हातातल्या मेणाच्या एका गोळ्याने तो पुसला जातो.

‘ज्यूला डोळे नसतात का?’ हे भाषण घ्या. डोळे, हात, अवयव, संवेदना, भावना. तेच अन्न, तीच शस्त्रं, तेच आजार. बोचलं तर आम्हाला रक्त येत नाही का? हे बोलणाऱ्या नटाच्या चेहऱ्यावर अवाढव्य खोटं नाक असेल, तर कान ऐकतात ते डोळे खोडून काढतात. माणूस सांगतो आहे की मी तुमच्यासारखाच आहे, आणि त्याच वेळी रंगभूषा सांगते आहे की नाही.

मग कोर्टाचा प्रवेश. कर्ज फिटलं नाही म्हणून शायलॉक करारानुसार अँटोनियोच्या अंगाचं मांस मागतो आहे. नायिका पोर्शिया वकिलाच्या वेशात येते आणि विचारते, यातला व्यापारी कोण आणि ज्यू कोण? काहींच्या मते न्यायाधीशाने तटस्थता दाखवण्याची ही एक रीत आहे. काहींना हा विनोद वाटतो, कारण शायलॉकच्या लांब झग्यावरून तो ओळखू यायलाच हवा. कपड्यांचा मुद्दा मला मान्य आहे. पण कपडा उतरवता येतो. पुढच्या तासाभरात शायलॉकला ख्रिस्ती होण्याची शिक्षा होते, म्हणजे तो झगाही जाणार. चेहऱ्याकडे पाहून मात्र पोर्शियाला या दोघांत फरक करता येऊ नये, हे त्या प्रश्नात आहे, आणि ते टोचायला हवं. दोघेही व्हेनिसचे, दोघेही पैशाच्या व्यवहारातले, दोघेही द्वेषाने पेटलेले. शायलॉकला नाक लावलं की प्रश्न मूर्खपणाचा ठरतो, प्रेक्षक पोर्शियाला हसतात आणि नाटकाचा कणा मोडतो.

परंपरेचा आधार घेणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. शेक्सपियरच्या हयातीत शायलॉकची रंगभूषा कशी होती, याची एकही प्रत्यक्षदर्शी नोंद आपल्याकडे नाही. लाल दाढी, वर वळलेली हनुवटी आणि तिला भेटायला खाली आलेलं नाक हे वर्णन थॉमस जॉर्डनच्या 1664 सालच्या पोवाड्यात सापडतं. म्हणजे ते शेक्सपियरच्या मृत्यूनंतर 48 वर्षांनी आलं, आणि त्यातली कथाही नाटकापेक्षा बदललेली आहे. शेक्सपियरच्या मंडळीतला प्रमुख नट रिचर्ड बरबेज याच्या मृत्यूवरच्या शोकगीतात ‘लाल केसांचा ज्यू’ येतो खरा, पण त्या ओळी एकोणिसाव्या शतकातल्या जॉन पेन कॉलियर या कुप्रसिद्ध बनावटकाराने घुसडलेल्या आहेत. 1741 मध्ये नट चार्ल्स मॅक्लिनने शायलॉक विदूषकाच्या हातातून सोडवला. 26 जानेवारी 1814 रोजी लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात एडमंड कीन लाल केसांऐवजी काळ्या केसांचा शायलॉक घेऊन उभा राहिला आणि लोकांना प्रथमच एक दुखावलेला माणूस दिसला. ‘मूळ पद्धत’ म्हणून जी मिरवली जाते, ती अशी पोवाड्यावर आणि बनावट ओळींवर उभी आहे. शिवाय मूळ पद्धतच हवी असेल तर पोर्शिया मिसरूड न फुटलेल्या मुलाने करायला हवी. ते कुणी करत नाही. इतर सगळं आजचं चालतं, जुनं हवं ते फक्त नाक. असं का, याचं उत्तर आग्रह धरणाऱ्यांनी द्यावं.

जर्मनीत 1938 साली लहान मुलांसाठी एक चित्रमय पुस्तक निघालं. त्यात वर्गातला मुलगा फळ्यापाशी उभा राहून धडा सांगतो की ज्यूचं नाक टोकाशी वाकलेलं असतं, सहाच्या आकड्यासारखं दिसतं. पाच वर्षांनी, 1943 मध्ये, व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये वेर्नर क्राउसने शायलॉकचं ओंगळ विडंबन उभं केलं. शहरातले ज्यू तोवर एकतर परागंदा झाले होते, नाहीतर छावण्यांकडे धाडले गेले होते. पुन्हा तीच परिस्थिती: माणूस नाही आणि रंगमंचावर त्याची नक्कल आहे. त्यानंतर पाच वर्षांनी डेव्हिड लीनने ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ हा चित्रपट काढला आणि ॲलेक गिनेसच्या फेगिनला, म्हणजे चोरट्या पोरांच्या ज्यू म्होरक्याला, जुन्या चित्रांबरहुकूम मोठं नाक लावलं. लीन आणि गिनेस यांच्या मनात द्वेष होता असं मी म्हणत नाही. पण 1949 मध्ये बर्लिनमध्ये तो दाखवायला घेतला तेव्हा छळातून वाचलेले ज्यू रस्त्यावर आले. अमेरिकेत तो 1951 पर्यंत अडून राहिला आणि फेगिनच्या चेहऱ्याचे काही भाग कापूनच दाखवला गेला. हेतू शुद्ध असल्याने नाकाचा इतिहास धुतला जात नाही.

याचा अर्थ रंगभूषेतून नाक हद्दपार करा असा नाही. 2023 मध्ये लेनर्ड बर्नस्टाइन या अमेरिकी ज्यू संगीतकाराची भूमिका करताना ब्रॅडली कूपरने कृत्रिम नाक लावलं, त्यावर बराच गदारोळ झाला. बर्नस्टाइनच्या मुलांनी त्याची बाजू घेतली. मला तो गदारोळ बराचसा चुकीच्या जागी वाटला. बर्नस्टाइन हा एक ठरावीक माणूस होता, त्याची छायाचित्रं आहेत आणि नट त्याच्यासारखा दिसायला धडपडत होता. मूळ नाकापेक्षा ते मोठं केलं असेल तर तेवढ्यापुरता जाब विचारावा. शायलॉकसारखा दिसायला मात्र नटाला कुणाचा चेहरा समोर ठेवता येणार? शायलॉक कधी जन्मलाच नाही. त्याला लावलेलं नाक एका माणसाचं असूच शकत नाही, ते एका समाजाचंच असणार.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. आयसीएसई मंडळाच्या शाळांत हे नाटक वर्षानुवर्षं दहावीला नेमलेलं होतं. मुंबई-पुण्यातल्या अनेक मुलांना आयुष्यात भेटलेला पहिला ज्यू म्हणजे शायलॉक. स्नेहसंमेलनात कोर्टाचा प्रवेश बसला की त्याला कुबड येतं, नाक येतं, हात चोळणं येतं, आणि कौतुकाने टाळ्या पडतात. वास्तविक अलिबाग, रेवदंडा, नागाव या पट्ट्यात बेने इस्रायल हे ज्यू शेकडो वर्षं राहिले. घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. मराठी बोलणारे, गावावरून ‘कर’ लावणारे हे लोक. हिंदी चित्रपटांतले लाडके चरित्रनट डेव्हिड हे मूळचे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. ‘बूट पॉलिश’मधल्या त्यांच्या जॉनचाचाला पाहून किती प्रेक्षकांनी त्यांना नाकावरून ओळखलं असेल? अलिबागच्या बाजारात पोर्शियाचा प्रश्न कुणी विचारला असता तर चेहऱ्यावरून उत्तर देता आलं नसतं. आपल्या मुलांना हे शाळेत कुणी सांगत नाही आणि रंगभूषेच्या पेटीतलं नाक मात्र त्यांच्यापर्यंत पोचतं. याचा मला राग येतो. शिक्षकांनी शायलॉक करणाऱ्या मुलाला त्याच्या स्वतःच्या चेहऱ्याने उभं करावं. अँटोनियो आणि शायलॉक शेजारी शेजारी उभे राहू द्यावेत. पोर्शियाचा प्रश्न आपोआप धारदार होईल.

इंग्लंडमध्ये ट्रेसी-ॲन ओबरमन या ज्यू अभिनेत्रीने 2023 पासून शायलॉक स्त्री म्हणून साकारली, लंडनच्या 1936 सालच्या ईस्ट एंडमध्ये, फॅसिस्टांचे मोर्चे निघत होते त्या गल्ल्यांत. तिथे शायलॉक कठोर आहे, सूडाने पेटलेली आहे, तिच्यातला काळा भाग पुसलेला नाही. नाक न लावता शायलॉक गोडगोड होईल, ही भीती किती पोकळ आहे ते यावरून कळतं. माणूस म्हणून उभं केलं की त्याचं क्रौर्य जास्त भीतीदायक होतं, कारण ते आपल्या ओळखीचं असतं.

राहता राहिला मार्लो. ‘ज्यू ऑफ माल्टा’ करायचंच नाही, असं म्हणणारे आहेत. मी त्यांच्यात नाही. ढोंगी सत्तेचं इतकं निर्दय चित्र त्या काळात फार कमी जणांनी काढलं. इथामोरच्या ओळीही कापू नयेत. कापल्या तर त्या काळाने काय केलं ते लपेल. माझं म्हणणं असं की बाराबासने पहिला अंक स्वतःच्या चेहऱ्याने करावा. फर्नीझने त्याला लुटावं, तेव्हा रंगमंचावर एक माणूस लुटला जावा. मग दुसऱ्या अंकात, गुलामांच्या बाजारात, इथामोर विकत घेतला जातो त्या प्रवेशाच्या आधी, सगळ्यांच्या देखत नाक आणून नटाला लावावं. लावणाराही फर्नीझचाच माणूस असावा. त्यानंतर इथामोरने त्याची खुशाल पूजा करावी. प्रेक्षकाला हसू येईल तेव्हा ते नाक कुणी आणलं, हे त्याने पाहिलेलं असेल.